टेंडरमधली कोंबडी

प्रिय माधुरी,

तुझं पत्र पोचलं. ब्रिस्टलचा पाऊस आणि लेकीची परीक्षा भराभर वाचली आणि तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघराविषयी लिहिलंयस ते मात्र दोनदा वाचलं. सॉइल असोसिएशन या संस्थेचं शालेय जेवणाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर शाळेत फक्त मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांचीच अंडी घ्यावी लागतात, आणि प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळी, 2 शेडमधली, 3 पिंजऱ्यातली. किती सोपं! स्वयंपाकिणीने अंडं हातात घेतलं की तिला सगळं कळलं.

इथे शिक्काही नाही आणि विचारणाराही नाही. गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातली एक लेअर पोल्ट्री आत जाऊन पाहिली. दारातच अमोनियाने डोळे चुरचुरले. तारेचे पिंजरे तीन मजली, एकेकात तीन-चार कोंबड्या. तळ उतरता, म्हणजे अंडं आपोआप घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतं. एका कोंबडीच्या वाट्याला साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा येते. तू पत्र लिहितेस तो ए-फोर कागदसुद्धा 624 चौरस सेंटिमीटर भरतो. चोचीची टोकं लहानपणीच कापलेली. एक कोंबडी तारेवर बसून अंग घुसळत होती, पंख झटकत होती, जणू खाली माती आहे. आपल्या आजीच्या परसात दुपारी कोंबड्या धुळीत लोळायच्या ना, तेच ती करत होती, फक्त धूळ नव्हती. मला तिथे उभं राहवेना.

मालक वाईट माणूस नाही गं. अंड्यांचा एनईसीसी दर रोज जाहीर होतो, त्यात खाद्याचा खर्च कसाबसा निघतो, असं तो सांगत होता. शाळा-वसतिगृहांचे पुरवठादार त्याच्याकडून माल उचलतात. दर विचारतात, ट्रे किती ते विचारतात. कोंबडी कशी ठेवलीय हे आजवर कुणी विचारलं नाही. माझं सगळं म्हणणं इथेच येतं. सरकारी पैशाने हजारोंनी अंडी घेणारा माणूस टेंडरमध्ये एक ओळ लिहून जे बदलू शकतो, ते तू-मी बाजारात सहा अंडी निवडून घेऊन बदलणार नाही.

पण एक गोष्ट मी कुणालाही ठणकावून सांगते: कोंबडीचं नाव पुढे करून मुलांच्या ताटातलं अंडं काढू नका. आपल्याकडे महाराष्ट्रात 2023च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. 2025च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्या वस्तीत मुलांना खरी गरज, तिथल्या लोकांनी वर्गणी कुठून काढायची? तिकडे तामिळनाडूत शाळेच्या दर दिवशी मुलांना अंडं मिळतं. मुलांना अंडं हवंच, आणि ते घालणारीला पंख पसरण्यापुरती जागाही हवी. या दोन्ही मागण्या मी एकाच अर्जात लिहिणार आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. विधी आयोगाने 2017मध्ये या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवालच दिला. युरोपात 1999ला ठरलं आणि साधे तारेचे पिंजरे 2012पासून बंद झाले. म्हणजे पोल्ट्रीवाल्यांना बारा वर्षं मिळाली. आपणही मुदत द्यावी, शेड बदलायला कर्ज द्यावं. लहान शाळांसाठी तर गावातल्या बचतगटांची परसातली अंडी घेता येतील. महाग पडतील, हे खरं. तो फरक सरकारने सोसावा; पोल्ट्रीवाल्यावर किंवा पालकांवर टाकू नये.

आता तुझं काम. तुमच्या पुरवठादाराच्या करारात कोंबड्यांविषयी नेमकी कोणती कलमं असतात, तपासणी कोण करतं, अट मोडली तर काय होतं, हे तुझ्या वरिष्ठांना विचारून लवकर कळव. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला जायचंय, आणि अर्जाला एक चालू करार जोडलेला असला की बोलणं पुढे सरकतं.

तुझी,
नलू