बिबवेवाडीचे रथकार

मार्केट यार्डाकडून बिबवेवाडीच्या चढास लागलें म्हणजे पूर्वींचें गांव आतां शोधूनही सांपडत नाहीं. दुतर्फा इमारती, दुकानें आणि वाहनांची न संपणारी रांग. वर अप्पर इंदिरानगरांत 1983 सालीं स्थापन झालेली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट आहे. देवशिल्प्याचें नांव त्या संस्थेस शोभतें खरें; पण आम्ही ज्या शिल्प्यांस पाहावयास निघालों होतों, ते जवळच्याच वेल्डिंगच्या एका गाळ्यांत, दुसऱ्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी, उकिडवे बसून लोखंडी नळ्या जोडीत होते. त्यांत आमचा नातू.

या स्पर्धेस 'बाहा' म्हणतात. 1976 सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना विद्यापीठांत ती सुरू झाली व 2007 सालीं इंदूरजवळच्या पिथमपुरास आली. इंजिन सर्वांस सारखेंच, दहा अश्वशक्तीचें. सांगाडा, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक मुलांनीं स्वतः आंखावयाचे व घडवावयाचे. मोटार-कारखान्याची संमति लागत नाहीं. मात्र ब्रेक दाबतांच चारही चाकें जखडलीं नाहींत, तर गाडी शर्यतीस उतरत नाहीं.

ही निर्नायकी आम्हांस प्रथम रुचली नाहीं. नातू म्हणाला, "आजोबा, जगाच्या रॅलींतही आतां हेंच होणार." 1973 पासून चाललेल्या त्या जागतिक स्पर्धेंत वरच्या वर्गाची गाडी कारखान्याच्याच नांवानें येई. 1995 सालीं अजिंक्यपद मिळविणारी सुबारू 'प्रोड्राइव्ह' या स्वतंत्र मंडळींनीं सिद्ध केली, पण नांव सुबारूचें. डिसेंबर 2024 मध्यें आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानें 2027 पासूनच्या नियमांस मंजुरी दिली. त्यांत स्वतंत्र कारागिरांसही आपली गाडी उतरवितां येईल, मात्र किंमत 3,45,000 युरोंच्या आंत.

मीमांसेंतलें रथकाराधिकरण आम्हांस आठवलें. त्रैवर्णिकांबाहेरच्या रथकारासही तेथें अग्न्याधानाचा अधिकार मान्य झाला आहे. तरीही मन निःशंक होईना. कारखान्याची मोहोर नाहीं, तर गाडीची जबाबदारी कोणाची? यावर नातवानें 1986 साल पुढें केलें. त्या वर्षीं पोर्तुगालांत प्रेक्षक दगावले, कॉर्सिकांत तोइवोनेन व त्याचा सहचालक क्रेस्तो जळून मेले, आणि 'ग्रुप बी' हा वर्गच बंद करावा लागला. त्या सर्व गाड्या बड्या कारखान्यांच्याच! "कंपनीची सही नसली तरी चालेल, आजोबा, तपासनीसाची मात्र हवीच." आम्हीं पुष्कळ वर्षें परीक्षेच्या वह्या तपासल्या आहेत, हें म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं.

तेवढ्यांत गाडी रस्त्यावर काढून ब्रेक दाबून पाहिला. तीन चाकें थांबलीं, मागचें डावें फिरतच राहिलें. एक मुलगा म्हणाला, "परवां निघायचंय, तिथं बघूं." आम्हीं विचारलें, "आंत बसणार कोण?"

"मीच," नातू म्हणाला, आणि पाना घेऊन चाकाशीं बसला.

ब्रेकच्या नळींत हवा शिरली होती. ती काढावयास दोन तास लागले. घरीं जेवणास थांबूं नका असा निरोप धाडून आम्ही तेथेंच एका रिकाम्या डब्यावर बसून राहिलों.