चंदीगडची खुर्ची

दिल्लीहून सकाळची कालका शताब्दी पकडली, की साडेतीन तासांत चंदीगड येते. मराठी पर्यटक तिथे बहुधा तीनच ठिकाणे पाहतो. रॉक गार्डन, सुखना तलाव आणि सेक्टर १७ चा बाजार. तेवढ्यात शहर पाहून झाले असे समजून तो दुसऱ्या दिवशी सिमल्याची वाट धरतो. पण या शहराची एक नवलकथा अगदी साध्या वस्तूत दडलेली आहे. ही वस्तू म्हणजे इथल्या सरकारी कचेऱ्यांतली वेताने विणलेली सागवानी खुर्ची.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवायचे ठरले. पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात दगावले आणि पुढच्या वर्षी हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्या सुमारास पॅरिसला त्यांच्याच कचेरीत उमेदवारी करत होते. कॉर्ब्युझिए मात्र चंदीगडात येऊन-जाऊन असत. ठाण मांडून बसले ते त्यांचे चुलतभाऊ, पिएर जानरे. १९५१ ते १९६५ अशी चौदा वर्षे हा मितभाषी माणूस इथे राहिला. शाळा, घरे, विद्यापीठाच्या इमारती आणि सुखना तलावावरच्या पायडलच्या होड्यासुद्धा त्याने रेखाटल्या. १९६७ मध्ये जिनिव्हाला त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे रक्षा मात्र सुखनाच्या पाण्यात सोडली गेली.

शहर नवे, म्हणजे कचेऱ्याही नव्या. हजारो कारकून, न्यायाधीश, प्राध्यापक आणि विद्यार्थी बसणार कशावर? परदेशी फर्निचर परवडणारे नव्हते आणि यंत्रावर माल काढणारे कारखाने हाताशी नव्हते. सुतार मात्र होते, सागवान आणि शिसव होते, वेत होता. जानरे आणि यूली चौधरी यांच्यासारखे त्यांचे भारतीय सहकारी मिळून साधे, स्वस्त आणि दणकट नमुने काढू लागले. सगळ्यात प्रसिद्ध खुर्चीचे पाय उलट्या इंग्रजी व्हीसारखे आहेत. दोन्ही बाजूंचे हे त्रिकोण हात पेलतात आणि बैठकही पेलतात. बैठक आणि पाठ वेताची, त्यामुळे उन्हाळ्यात हवा खेळती राहते. वेत तुटला तर तेवढाच बदलता येतो. काम हाताने झालेले असल्यामुळे दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या मिळणे कठीण. कुठे पाय थोडा जाड, कुठे सांधा थोडा तिरका.

प्रत्येक वस्तूवर खात्याचे नाव आणि नोंदणीचा क्रमांक रंगाने टाकलेला असे. आपल्याकडच्या सरकारी खुर्चीच्या पाठीवरही असा क्रमांक असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. चंदीगडात पुढे त्याच क्रमांकाला सोन्याचा भाव आला.

पण त्याआधी आली ती अवकळा. वेत फाटला, सांधे खिळखिळे झाले. दरम्यान स्टीलच्या, फोमच्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या. साहेबाला फिरती खुर्ची मिळाल्यावर वेताच्या खुर्चीत कोण बसणार? जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली आणि आवारात उन्हापावसात रचल्या गेल्या. मग नियमाप्रमाणे त्यांचा भंगार म्हणून लिलाव झाला. यात गैर काहीच नव्हते. मोडक्या सामानाचे सरकारी कचेरी दुसरे करणार तरी काय?

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून या लिलावांत युरोपातले, विशेषतः फ्रान्सचे व्यापारी दिसू लागले. कवडीमोलाने घेतलेला माल जहाजाने गेला. तिकडच्या कार्यशाळांत त्याची डागडुजी झाली, नवा वेत विणला गेला, पॉलिश झाले आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या नामांकित लिलावगृहांत तीच खुर्ची लाखो रुपयांना जाऊ लागली. शहराचा नकाशा कोरलेली गटाराची लोखंडी झाकणेही लिलावात निघाली, तेव्हा चंदीगडकर हसावे की रडावे अशा अवस्थेत होते. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीला बंदी केली. मोजदाद झाली तेव्हा शहरातल्या निरनिराळ्या संस्थांत वारसा म्हणून जपण्याजोगे १२,७९३ नग आढळले. परदेशातले लिलाव मात्र थांबवता आले नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मिळते आणि ही खुर्ची अजून शंभरीची झालेली नाही.

व्यापाऱ्यांना चोर म्हणणे सोपे आहे. तसे म्हणणारेही बरेच आहेत. पण त्यांनी माल रीतसर बोली लावूनच घेतला होता, आणि त्यांनी तो उचलला नसता तर त्यातला काही थंडीच्या शेकोटीत गेला असता, हेही तितकेच खरे. अधिक विचार करण्याजोगा मुद्दा वेगळाच आहे. तो पॉलिशचा.

पॅरिसच्या दिवाणखान्यात दिसणारी ही खुर्ची गुळगुळीत आणि सोनेरी असते. कारकुनाच्या कोपराने झिजून काळा पडलेला हात, शाईचा डाग, कपाचे गोल वळ हे सगळे पॉलिश-कागदाने पुसले गेलेले असते. राखलेला असतो तो फक्त क्रमांक, कारण तो अस्सलपणाचा दाखला. तो इतका मोलाचा ठरला, की नकली खुर्च्यांवर जुनाट दिसणारे क्रमांक रंगवणारेही निपजले.

हाच पेच गिटारवाल्यांनाही चांगला ठाऊक आहे. हल्ली स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आणि घरीच तिचा जाड रंग खरवडून नवा द्यायचा, सूर पकडणारे पिकअप आणि तारा ताणणाऱ्या खुंट्या बदलायच्या, असा छंद बऱ्याच तरुणांना आहे. स्वस्त गिटारचे त्यात काही बिघडत नाही. नीट केले तर ती आधीपेक्षा गोड वाजते आणि पोरगे चार हत्यारे धरायला शिकते. पण तेच पॉलिश-कागद घेऊन कोणी १९५० च्या दशकातल्या फेंडर गिटारवर बसला, तर तिची किंमत निम्म्यापर्यंत उतरू शकते. पोपडे धरलेला असला, तरी तिचा मूळ रंग हेच तिचे भांडवल असते.

चंदीगडच्या खुर्चीची अडचण अशी, की ती स्वस्त गिटार म्हणून जन्मली आणि कुणाला कळायच्या आत जुनी फेंडर होऊन बसली.

आपल्या घरात जानरेची खुर्ची नसेल, पण आजोबांची वेताची आरामखुर्ची माळ्यावर असू शकते. ती खाली काढल्यावर आधी उलटी करून पाहावी. खाली कारागिराची खूण, दुकानाचा शिक्का, काही लिहिलेले असेल तर तो भाग तसाच सोडावा. मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने नुसती पुसून घ्यावी. पुष्कळदा जे खराब झालेले पॉलिश वाटते, तो तेलकट मळ असतो आणि तेवढ्यावरच काम भागते. एवढे करूनही पापुद्रे निघत असतील तरच पॉलिश-कागद हाती घ्यावा. आधी १२० नंबरचा, मग १८०, शेवटी ३२०, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात फिरला, की पडलेले ओरखडे पॉलिशखालून कायमचे डोकावत राहतात. तोंडाला रुमाल बांधावा, कारण सागवानाची भुकटी घशाला लागते.

चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात देणे ही आपल्याकडची जुनी रीत. घाईने एक जाड हात देण्यापेक्षा सहा-सात पातळ हात चांगले. फक्त लक्षात ठेवावे, की लाखेवर गरम कप ठेवला तर पांढरे कडे उमटते. रोजच्या वापराच्या खुर्चीला म्हणून मेण किंवा तेलच बरे.

वेत विणणे हे खरे कसबाचे काम. चौकटीच्या भोकांतून वेताच्या पट्ट्या दोनदा उभ्या, दोनदा आडव्या आणि दोनदा तिरक्या ओवल्या जातात, तेव्हा ती ओळखीची अष्टकोनी जाळी तयार होते. अंध विद्यार्थ्यांना हे काम शिकवण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. त्यांची बोटे ताण बरोबर ओळखतात. गावात असा विणकर असेल, तर घरी धडपडण्यापेक्षा खुर्ची त्याच्याकडे न्यावी.

चंदीगडला गेल्यावर हे सगळे प्रत्यक्ष पाहता येते. सेक्टर १९ मधले ल कॉर्ब्युझिए सेंटर म्हणजे वास्तुरचनाकारांची जुनी कचेरी. सेक्टर ५ मधले ५७ नंबरचे घर जानरेचे स्वतःचे. तिथे २०१७ पासून संग्रहालय आहे. उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय असलेल्या कॅपिटॉल संकुलाला २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ओळखपत्र दाखवून नोंदणी केली, की मार्गदर्शकाबरोबर तिथे जाता येते.

घरी वेत विणायचा हट्टच असेल, तर पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवून ओल्याच विणाव्यात. विणकाम सैल वाटले तरी घाबरू नये, सुकताना ते आपोआप ताणून बसते. खुर्ची सावलीत ठेवावी आणि दोन दिवस तिच्यावर कुणाला बसू देऊ नये, नातवंडांना तर मुळीच नाही.