कोणत्या दलात जायचे?

दहावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले, की आमच्या उर्दू हायस्कुलात दरवर्षी दोन-चार हात फौजेसाठी वर होतात. मुलांच्या मनात फौज म्हणजे बंदूक घेतलेला जवान. भूदल, नौदल आणि हवाई दल हे तीन वेगळे रस्ते आहेत, त्यातला आपला कोणता, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरात मात्र हा प्रश्न चांगलाच रंगला होता. अब्बा जहाजावर खलाशी. त्यांचे म्हणणे, "समुद्र आपल्या खानदानात आहे. पोराने नेव्हीत अफसर व्हावे." पोराच्या डोक्यात वीर अब्दुल हमीद. 1965 च्या लढाईत खेमकरणच्या बाजूला पाकिस्तानी रणगाडे फोडणाऱ्या या जवानावर तो तासभर बोलायचा. अम्मीचा प्रश्न निराळाच होता. "सर, नमाज-रोजा होईल ना? आणि दाढीचं काय?"

अम्मीला आम्ही जे खरे तेच सांगितले. भूदलात पंडित, ग्रंथी यांच्याप्रमाणे मौलवीही धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. दाढीचे नियम मात्र दलागणिक वेगळे. नौदलात परवानगी घेऊन कोणालाही दाढी ठेवता येते. भूदलात शिखांखेरीज इतरांना सर्वसाधारणपणे मुभा नाही. हवाई दलातल्या मुस्लिम जवानांचे प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर 2016 मध्ये निकाल हवाई दलाच्या नियमाच्या बाजूने लागला. कोणाला हे पटेल, कोणाला पटणार नाही. पण वर्दी अंगावर चढवण्याआधी ते माहीत असलेले बरे. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग नेव्हीच बरी."

पण नेव्हीचा दरवाजा तोवर बंद झाला होता. मुलगा बारावी आर्ट्सला होता. गावात उर्दू माध्यमाचे तेवढेच ज्युनिअर कॉलेज, आणि तिथे सायन्स नाही. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. म्हणजे दल बारावीनंतर निवडायचे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवरच ठरून जाते. तेव्हा मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते आणि घरचे फक्त कॉलेज किती लांब आहे ते बघत असतात.

भूदल उरले, पण तेही सोपे नव्हते. एनडीएच्या लेखी परीक्षेत 300 गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो, आर्ट्सवाल्यालाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. गणिताच्या ज्या संज्ञा आमची मुले दहावीपर्यंत उर्दूत शिकतात, त्या तिथे अनोळखी चेहऱ्याने समोर येतात. मुलाने दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास झाला. मग कोल्हापूरच्या भरतीत धावला आणि अग्निवीर झाला. 2022 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार पंचवीस टक्क्यांपर्यंत. तो सुट्टीवर आला, की मोहल्ला त्याच्याभोवती जमतो. अम्मी मात्र उरलेले महिने बोटांवर मोजते.

आमच्या मुलांना अब्दुल हमीद ठाऊक आहेत. 1948 मध्ये नौशेराच्या आघाडीवर शहीद झालेले ब्रिगेडियर उस्मान काहींना ठाऊक असतात. पण 1978 ते 1981 या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले आणि पुढे आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले इद्रिस हसन लतीफ कोणाच्या कानावर नसतात. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या 'तलवार' तळावर नाविकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते, हे तर आमच्या शिक्षक-खोलीतही पुष्कळांना नवे होते. जे नावच ऐकले नाही, ते होण्याचे स्वप्न पोराला पडणार कसे?

म्हणून आता ही सगळी माहिती आम्ही नववीतच फळ्यावर लिहितो. कोणत्या दलाला कोणते विषय, ते लिहितो. गणिताची प्रत्येक संज्ञा उर्दूबरोबर इंग्रजीतही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतरच मुले घेते, तेव्हा तिची जाहिरात कधी येते यावरही नजर ठेवतो. पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "सर, तुम्ही पोरांना घराबाहेर काढणार." आम्ही म्हटले, "घराबाहेर ती जाणारच आहेत. कुठे जायचे ते त्यांना निवडता यावे, एवढेच."

त्या अग्निवीराची धाकटी बहीण यंदा अकरावी सायन्सला आहे. 2022 पासून एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे, हे तिला भावाने सांगितले. तालुक्याला जाणारी पहाटेची एस.टी. ती चुकवत नाही. सुट्टीवर असले की अब्बा तिला स्टँडपर्यंत सोडतात. कोणत्या दलात जायचे ते तिने अजून ठरवलेले नाही. ठरवायला तिच्यापुढे तिन्ही दले आहेत.