हॅम्बुर्गची रात्र आणि सकाळ

"हॅम्बुर्गला काय काय पाहिलंत?" असं बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे लेकीलाही पुन्हा वाचता येईल.

जाण्याचं खरं कारण लेकीची काळजी. माझी नात तिथे नर्सिंग शिकते. चार मुलींनी मिळून घेतलेल्या घरात तिला खोली मिळाली, पण ती सांक्ट पाउली भागात. बंदराला लागून असलेली ही वस्ती रात्रीच्या धंद्यांसाठी जगभर प्रसिद्ध! लेकीने नेटवर फोटो पाहिले आणि तिची झोप उडाली. मी तेव्हा फ्रँकफर्टला मुलाकडे होते. "आई, तू बघून ये आणि खरं काय ते सांग." म्हणून शुक्रवार ते रविवार मी हॅम्बुर्गला.

जून महिना, त्यामुळे रात्री नऊलाही लख्ख उजेड. नातीने प्रथम सेंट मिखाएलिस चर्चपाशी नेलं. १३२ मीटर उंच मनोऱ्यावरून रविवार सोडून रोज रात्री नऊला एक वादक चारही दिशांना तोंड करून तुतारीवर भक्तिगीत वाजवतो. तीनशे वर्षांहून जुनी प्रथा आहे. ऐकून छान वाटलं. मग दहा-पंधरा मिनिटं चालून आम्ही रेपरबानवर, म्हणजे त्या बदनाम रस्त्यावर पोचलो.

मास्तरकीची खोड जात नाही, मी आधी नावाचा अर्थ विचारला. 'रेप' म्हणजे दोरखंड. जहाजांचे लांबच लांब दोर वळायला सरळ, मोकळी जागा लागे, म्हणून दोर वळणारे गावाबाहेर इथे आले. शेजारच्या गल्लीचं नाव 'ग्रोसे फ्रायहाइट', मोठं स्वातंत्र्य. मला वाटलं, नाचगाण्याचं स्वातंत्र्य असेल. पण नाही, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे परधर्मीयांना उपासनेची आणि संघाबाहेरच्या कारागिरांना धंद्याची मोकळीक होती, त्यावरून ते नाव. त्याच गल्लीत आजही क्लबांच्या दिव्यांमध्ये एक कॅथलिक चर्च उभं आहे. १९६० साली बीटल्स इथेच रात्र रात्र वाजवत. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा, म्हणून त्याला जर्मनीतून परत पाठवलं होतं.

आता लेकीला हवं होतं ते. रस्त्यावर दारू प्यायलेले लोक होते, आरडाओरडा होता, भडक दिवे होते. पिस्तूल आणि सुऱ्यावर फुली मारलेल्या पाट्या होत्या. इथे २००७ पासून शस्त्रबंदी आहे. म्हणजे पूर्वी काहीतरी घडलं असणारच, हे मी लपवत नाही. कोपऱ्यावर विटांची जुनी पोलीस चौकी आहे. तिथून जवळच हर्बर्टश्ट्रासे ही वेश्यावस्तीची गल्ली. तिच्या दोन्ही तोंडांना लोखंडी आडोसे आहेत. ते नाझींच्या काळात, १९३३ साली उभारले. बाहेर पाटी: अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि स्त्रियांना मनाई.

त्या पाटीपाशी मी जरा थांबले. आमच्या गावच्या जत्रेत रात्री तमाशाचा फड लागे. वडील, काका, भाऊ जात. आम्ही बायका घरात अंथरुणावर पडून लांबून ढोलकी ऐकायचो. फडात नाचणाऱ्या बायकाच, पण रात्र पुरुषांची. नात म्हणाली, "आजी, चल, मला उद्या रात्रपाळी आहे." तिने माझा हात धरला आणि गर्दीतून सराईतपणे बाहेर काढलं. कोणत्या बाजूने चालायचं, कुठे थांबायचं नाही, सगळं तिला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी एल्ब नदीखालचा १९११ सालचा बोगदा पाहिला. नदीखालून ४२६ मीटर चाललो! भिंतींवर माशांची शिल्पं आहेत. रात्री ती कामावर गेली आणि मी खोलीत झोपले. खाली लोक गात होते. आपली पोर या वेळी कुणाची तरी सलाईन बघत असेल, या विचाराने झोप मात्र लवकर लागली नाही.

सकाळी साडेसहाला तिची पाळी सुटली आणि आम्ही थेट मासळीबाजारात गेलो. हा बाजार १७०३ पासून दर रविवारी भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होतो आणि साडेनऊला बंद, कारण पूर्वी विक्री आटोपून लोकांना चर्चला जायचं असे. विक्रेते ओरडून ओरडून फळांच्या टोपल्या खपवत होते. १८९६ सालच्या लिलावघरात बँड वाजत होता. रात्रभर नाचून आलेली मुलं, पिशव्या घेऊन आलेल्या आजीबाई आणि रात्रपाळीचे कामगार एकाच बाकावर बसून पावात मासा घालून खात होते. माझ्या शेजारी नात. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. चहाचा पेला हातात धरून ती बसल्या जागी पेंगली.

लेकीला मी फोनवर एवढंच सांगितलं: रस्ता सभ्य नाही. पण निर्जनही नाही, आणि तुझी मुलगी तिथून मजेसाठी कमी, कामासाठी जास्त जाते. रोज रात्री "पोचलीस का?" म्हणून फोन करतेस, तो कर. पण रविवारी सकाळी करू नकोस, तेव्हा तिला झोपू दे.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग लेक म्हणाली, "आणि तू रात्री साडेदहाला तिथून चालत गेलीस?"

गेले की!