धाराशिवचा एक लखोटा

सोलापुराहून तुळजापूरमार्गे धाराशिवास जाणे आता दोन तासांचेही काम राहिलेले नाही. बालाघाटावर चढून भवानीमातेचे दर्शन घ्यावे आणि उभ्या ज्वारीची शेते पाहत पुढे निघावे. वाटेत सरहद्दीची म्हणून कोठे खूण दिसत नाही. परंतु १९४७ पर्यंत या वाटेवर इंग्रजी मुलूख संपून निजामाचे राज्य सुरू होत असे. कलदार रुपयाच्या जागी हाली रुपया येई, आणि पत्रावरील तिकीटही बदले. गतवर्षी पौषात आम्ही धाराशिवास एका आप्तांच्या वाड्यात उतरलो होतो. तेथे या तिकिटांशी आमची जी गाठ पडली, ती वाचकांस सांगावीशी वाटते.

हिंदुस्थानात सर्वत्र चालणारे तिकीट १ ऑक्टोबर १८५४ रोजी आले. तत्पूर्वी जितके अंतर दूर तितके हशील अधिक, आणि ते पुष्कळदा पत्र घेणारासच भरावे लागे. तिकिटाने पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर केला. मग ते पत्र कितीही दूर जावो. योगायोग असा की, त्या वेळी धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्याच हाती होता. निजामाने तो १८५३ च्या तहाने तोडून दिला होता, आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाही. १८६० साली मुलूख निजामाकडे परतला, व १८६९ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःची तिकिटे काढली.

१८७१ च्या तिकिटांवर फारसी व इंग्रजी लिपींबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही आहेत. दरबारची भाषा कोणतीही असो, तिकीट घेणारी रयत कोण, याचा टपालखात्यास विसर पडला नाही, असेच म्हटले पाहिजे. १९३१ च्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ आला. मात्र ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. दूरच्या औरंगाबादेस पत्र निजामाच्या तिकिटावर जाई, आणि जवळच्या सोलापुरास हिंदुस्थान सरकारचे तिकीट लागे.

अशाच एका सोलापुरी पत्राने आमच्या आप्तांच्या घरात अनेक वर्षे वाद माजविला होता. घरातील वडीलधारे अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचे वडील वाडा राखीत धाराशिवास राहिले, व आई मुलांस घेऊन सोलापुरास माहेरी गेली. पुढे वडिलांचे पत्र गेले, 'रस्ता निर्वेध आहे, मुलांस घेऊन निघावे.' पत्रावर मिती आहे भाद्रपद वद्य ६. शक मात्र घालावयाचा राहिला. अण्णांच्या काही चुलत भावंडांचे म्हणणे असे की, हे पत्र १९४७ चे, आणि वडिलांनी उतावीळपणे लेकरांस पुन्हा संकटात ओढले. अण्णा तेव्हा अगदी लहान. उत्तर द्यावे तर स्मरणाचा आधार नाही.

लखोटा पाहावा, तर त्यावर तिकीटच नव्हते. अण्णांच्या नातवाने लहानपणी तिकिटे जमविण्याच्या नादात घरातील लखोटे पाण्यात बुडवून तिकिटे सोडविली होती, आणि पुढे ती वही मित्रास देऊन टाकली. टपालाच्या शिक्क्याचा उजवा भाग सालासह तिकिटाबरोबर गेला होता. नातू खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, मला वाटले, मोल तेवढे तिकिटाचेच." अण्णा काही बोलले नाहीत.

आम्ही लखोटा उजेडात धरला. शिक्क्याच्या उरलेल्या भागात दिवसाचा आकडा पुसला होता. पण सप्टेंबर महिन्याची इंग्रजी अक्षरे स्पष्ट होती. वाड्यात जुनी पंचांगे जपून ठेवलेली होती, ती काढली. शके १८६९ मध्ये, म्हणजे १९४७ साली, श्रावण अधिक आला होता. त्यामुळे भाद्रपद वद्य पक्ष ऑक्टोबरात पडला. शके १८७० मध्ये तोच पक्ष सप्टेंबरात होता. म्हणजे पत्र १९४८ चे! त्याच महिन्याच्या १३ तारखेस सोलापूरकडून निघालेली हिंदी फौज नळदुर्गावरून पुढे गेली होती, आणि १७ तारखेस निजामाने शरणागती दिली होती. वडिलांनी उतावीळ केली नव्हती; मार्ग मोकळा झाल्यावरच त्यांनी मुलांस बोलाविले होते.

अण्णांनी लखोटा हाती घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

१९५० साली हैदराबादची तिकिटे बंद झाली. शहराचे उस्मानाबाद हे नावही जाऊन २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले. ज्या घरांत जुने लखोटे असतील, त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांस तिकिटांचा छंद अवश्य लावावा, परंतु घरच्या पत्रावरील तिकीट सोडवू देऊ नये. सुट्या तिकिटास बाजारात किंमत येईल. लखोट्यावर असेल, तर ते आपल्याच माणसांची साक्ष देते. आम्हांस अधिक मासाने तारले. प्रत्येक घरास तो तारीलच असे नाही.