साडेअकरा रुपयांचं बिऱ्हाड

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात भाडं पाच तारखेला द्यायचं. मालक ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून साडेअकरा रुपये दोनदा मोजत, पावतीपुस्तकात कार्बन सरकवत आणि रक्कम अक्षरी लिहून झाली की पुढचं ‘फक्त’ इतक्या जोरात दाबून लिहीत, की ते खालच्या कोऱ्या पावतीवरही उमटे.

माडीवरच्या दोन खोल्या आणि एक मोरी. भाडं आजोबांच्या वेळेपासून तेवढंच. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी गोठवून टाकली होती. युद्धकाळातल्या घरटंचाईपायी तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत थेट मार्च २००० पर्यंत टिकला. भाडं भरतोय तोवर कोणी उठवू शकत नाही, या भरवशावर आमच्यासारख्यांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. त्याबद्दल त्या कायद्याचे आभारच मानले पाहिजेत.

पण पावसाळ्याआधी कौलं शाकारायची कोणी? रीतीप्रमाणे मालकांनी. दिंडीदरवाजा रात्री दहाला लावणं, हौद उपसून घेणं हेही त्यांच्याकडेच. जिना झाडायची पाळी बिऱ्हाडकरूंची. साऱ्या वाड्याच्या भाड्यातून घरपट्टी भरली की हातात काय उरत असेल, हा हिशेब मी फार उशिरा केला. गळती आमच्याकडे होती तशीच मालकांच्या देवघरातही होती. तिथल्या पातेल्यात पडणारे थेंब माडीपर्यंत ऐकू येत.

पुढे वडिलांनी स्वयंपाकघरात ओटा बांधला आणि बिनसलं. ‘विनापरवानगी कायमचं बांधकाम’ म्हणून मालकांनी दावा लावला, भाडं घेणं बंद केलं. वकिलांनी सांगितलं, मनीऑर्डर करा. मग दर महिन्याला गंमत चाले. वडील कोपऱ्यावरच्या पोस्टात पैसे भरत. पोस्टमन ओसरीवर येई, मालक नकार देत, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून तो तेच पैसे घेऊन आमचा जिना चढे. वर आल्यावर आईकडे चहा. ती कुपनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली होती. भाडं द्यायला आम्ही तयार होतो, याचा तोच पुरावा.

दावा चालू, तारखा चालू. दिवाळीत मात्र क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट माडीवरून ओसरीवर जाई. ते रिकामं परत यायचं नाही, हा नियम कुठल्याच कलमात नव्हता. मालकीणकाकूंच्या चकल्यांना आमच्या आईच्या चकल्यांची सर कधी आली नाही, हे इथे पक्षपात करून नोंदवतो. एका दिवाळीत ताट घेऊन आलेल्या काकूंनी त्याच ओट्यावर ते ठेवलं, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “वहिनी, उंची अगदी बेताची झालीय हो.”

नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकांना वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. आमच्या भाड्यावर पहिल्या वर्षी ती ४६ पैसे भरली. मालकांनी दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, असंही त्यात आहे. म्हणजे साधारण साडेचौतीस रुपये. तेवढ्यात गवंडी जिनासुद्धा चढला नसता. माझं स्पष्ट मत असं, की आमच्या वाड्यात खलनायक कोणीच नव्हता. डोक्यावरचं छप्पर कायद्याने राखलं आणि त्याच कायद्याने ते दुरुस्त होऊ दिलं नाही.

वाडा पुढे बिल्डरकडे गेला, दावा तडजोडीत मिटला. आता त्याच जागी मालकांच्या नातवाचा आणि आमचा फ्लॅट एका मजल्यावर आहे.

माझी भाची बाणेरला अकरा महिन्यांच्या करारावर राहते. घरमालक परदेशात, भाडं मोबाइलवरून. तिला मी एवढंच विचारलं, करार नोंदवलाय ना? तुम्हीही बघून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, आणि लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. मालकमंडळींनी हे वाक्य अंकातून कापून ठेवायला हरकत नाही.