माळेचे बिल



आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा मराठी लिहिताना कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे. आज मात्र भाषेपेक्षा मोठी चूक कबूल करायची आहे.

धार-देवासकडच्या आपल्या मराठी घरांत गणपती पिढ्यान् पिढ्या बसतो. पूर्वी समईजवळ कोणीतरी जागे असायचे. विजेच्या माळेजवळ कोणी बसत नाही. मागच्या गणेशोत्सवात आम्ही मखरासाठी अशीच एक माळ आणली. स्वस्त मिळाली, म्हणून बिलही मागितले नाही. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना जळका वास आला. दिवे उघडझाप करवणारी प्लास्टिकची डबी तापून मखराचा पुठ्ठा धुमसत होता. सूनबाईंनी धावत जाऊन बटण बंद केले, म्हणून निभावले.

आम्ही माळ कचऱ्यात टाकली आणि गप्प बसलो. लोक हसतील, असे वाटले. आठवड्याने सातवीतला एक मुलगा वर्गात सांगू लागला की त्यांच्याकडे माळेने पडदा जळाला. माळ तशीच, दुकानही तेच. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

एमसीबी का पडली नाही, असे आम्ही आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, जोड सैल असला की तेवढ्याच जागी उष्णता साठते, पण एकूण करंट वाढत नाही. मग एमसीबीला कळणार कसे?

पीथमपूरच्या पालकांना 'रिकॉल' हा शब्द नवा नाही. गाडीच्या एका भागात दोष निघाला की कंपनी गाड्या परत बोलावते. आपल्या वाहन उद्योगाने २०१२ मध्ये त्यासाठी स्वतःहून नियमावली स्वीकारली. दिव्यांच्या बाबतीतही असे घडले आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये सुमारे ४ कोटी उभ्या हॅलोजन दिव्यांसाठी मोहीम निघाली. त्यांच्या तापलेल्या बल्बमुळे पडदे पेट घेत, म्हणून बल्बवर बसवायची जाळी फुकट देण्यात आली. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे.

पण गाडीच्या मालकाचे नाव नोंदलेले असते. बिल नसलेल्या माळेच्या मालकाला कोण शोधणार? तिथे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला सांगायचे असते, आणि आम्ही तेच केले नाही.

म्हणून विनंती आहे. बिल घ्या व जपून ठेवा. डबी कागद, पुठ्ठा, पडदा यांपासून दूर ठेवा. झोपताना माळ बंद करा. आणि काही तापले, जळले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवाच, पण दुसऱ्या दिवशी शाळेतही सांगा. आम्ही ते सूचनाफलकावर लिहू. कोणी हसणार नाही. हसलेच, तर आधी आम्हाला हसतील.

आपले,
प्राचार्य